पास्कलची लक्झेंबर्गबंदी

कॅनडातल्या मिसिसागामधल्या वसईकरांच्या पार्टीला पास्कल तुस्कानो आला, की लोक आपापले कप घट्ट धरून बसायचे. कारण पास्कलच्या हाती एक कप आणि एक बशी लागली, की कपाचा डोंगर व्हायचा, बशीची नदी व्हायची आणि पुढची पंचवीस मिनिटं कोणाला वॉशरूमलाही जाता यायचं नाही.

“अ‍ॅक्च्युअली बघ,” तो सुरू करायचा. मग चष्मा कपाळावर. मग घसा साफ. मग एक लांब श्वास. “तिकडे... लक्झेंबर्गमध्ये...”

फादर मिस्सात थांबत नाहीत एवढं पास्कल त्या एका शब्दाआधी थांबायचा. शब्द सुटला की खोलीभर नजर फिरवायची, कोणी उठायच्या बेतात असेल तर त्याला डोळ्यांनीच खाली बसवायचं, आणि मग कप हळूहळू वर.

“हा डोंगर. डोंगराच्या डोक्यावर तळं. ही खाली नदी. रात्री सगळे झोपले, की वीज उरते. फुकट घालवायची? नाय! तिच्यावर पंप लावायचे आणि नदीचं पाणी वर चढवायचं. सकाळी लोकांनी किटल्या लावल्या, की तेच पाणी खाली सोडायचं. धाडधाडधाड! रात्री पंप, दिवसा वीज. मग डोंगर म्हणजे काय झाला?”

उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पण द्यायचं नसायचं. ते त्याचं होतं.

“बॅटरी!” आणि बशी टेबलावर.

वॉटर्लूला शिकणारी त्याची मुलगी क्लॅरिसा घरी आली, की कप उचलतानाच म्हणायची, “डॅड, प्लीज. नॉट द माउंटन.” बायको जॉर्जिना तर काहीच म्हणायची नाही. ती भाजी चिरता चिरता ओठ हलवायची. नवऱ्याच्या एक सेकंद आधी.

आता पास्कलची बाजूही ऐकायला हवी. वसईतल्या केळीच्या वाडीत तो वाढला, आयटीआय करून फिटर झाला, दहा वर्षं आखातात पंपांची कामं केली. २००९ साली कंत्राटदाराने उचलून त्याला नेऊन सोडलं ते थेट लक्झेंबर्गमधल्या व्हियांदेन गावी. देश एवढासा, की नकाशावर दाखवायला बोट ठेवलं तर देशच बोटाखाली गायब. पण त्या देशात डोंगराच्या पोटात वीजघर होतं, आणि त्या पोटात पास्कल पाच वर्षं राहिला. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, मशीन खुशीत आहे की तिच्या पोटात दुखतंय.

२०१४ला जॉर्जिनाचे नर्सिंगवर कॅनडाचे कागद झाले आणि तिघं मिसिसागात आले. तेव्हापासून पास्कल विमानतळाजवळच्या वेअरहाउसमध्ये खोकी स्कॅन करत होता. खोकं समोर आलं, की स्कॅनर म्हणतो, “टूं.” दिवसाला दोन हजार वेळा टूं. टूं खुशीत आहे की दुःखात, हे ओळखायची कोणाला गरज नव्हती. म्हणून मग शनिवारी कप आणि बशी.

त्यात शेजारचा शैलेंद्र. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, तोंडाने गोड आणि बोटाने वाईट, म्हणजे कोणी काही बोललं की फोनवर तपासून पाहणारा. एकदा ऐन धाडधाडमध्ये त्याने फोनमधून डोकं वर काढलं.

“काका, राग नका मानू, पण इथे तर लिहून राहिलं की ही वीज जर्मनीच्या ग्रिडमध्ये जाते.”

कप हवेतच थांबला.

“बटण कुठल्या देशात आहे?” पास्कलने विचारलं.

“लक्झेंबर्गमध्ये.”

“पाणी कुठल्या देशातलं?”

शैलेंद्रने पुन्हा फोन पाहिला. “हाव, आता नदी तर बॉर्डरवर आहे. म्हणजे अर्धी...”

“शैलेंद्र,” जॉर्जिना स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुला इंडियल पॅक करून देऊ ना रे?” डुकराच्या इंडियलपुढे जर्मनी टिकली नाही. शैलेंद्रने फोन खिशात घातला.

तर अशा या पास्कलवर २०१७च्या डिसेंबरात वेळ आली.

वसईकर मंडळाचं नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाचं जेवण दर जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये होतं. प्रत्येक घरातून एक भांडं येतं, आणि प्रत्येक भांड्याला शेपूट असतं: स्लो कुकर, राइस कुकर, रोस्टर. आदल्या वर्षी बारा वाजता सगळ्यांनी एकदम शेपट्या भिंतीत खुपसल्या. ब्रेकर पडला. चालू केला, पडला. पाच वेळा. शेवटी लोकांनी गार पुलाव जॅकेट घालून खाल्ला.

त्याच विषयावर मीटिंग भरली, ती जोन डाबरेच्या बेसमेंटमध्ये. जोन मंडळाची सेक्रेटरी. तिचा आवाज विमानतळावरच्या अनाउन्समेंटसारखा, तीन फुटांवरच्या माणसालाही गेट नंबर सांगितल्यासारखा.

“ॲटेन्शन प्लीज. मुद्दा क्रमांक दोन. ब्रेकर. सूचना असल्यास हात वर करा.”

पास्कलने दोन्ही हात वर केले. “माझ्याकडे द्या. चार लाइनी आणि सोळा भांडी. हे काय आहे? तिकडे... लक्झेंबर्गमध्ये...”

बेसमेंटमधून असा उसासा निघाला, की घर तापवणारी फर्नेस सुरू झाली असं एकाला वाटलं.

“देऊ,” जोन म्हणाली. “पण ब्रेकर पडला तर?”

“नाय पडणार.”

“पडला तर?”

तेवढ्यात मागून जॉर्जिनाचा शांत, नर्सचा आवाज आला. इंजेक्शन टोचायच्या आधी येतो तोच. “पडला तर पास्कल पुढच्या तीन राजांपर्यंत लक्झेंबर्गचं नाव काढणार नाही. अख्खं वर्ष.”

पास्कलने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती विणत होती.

टाळ्या पडल्या. मंडळाच्या इतिहासात एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. शैलेंद्र मंडळाचा नव्हता, नुसता समोशांसाठी आला होता, त्यानेही वाजवल्या.

“आणि नाय पडला तर?” पास्कल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“तर जेवणानंतर माइक तुझा,” जॉर्जिना म्हणाली. “अर्धा तास. कोणी उठायचं नाही.”

टाळ्या थांबल्या. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्धा तास! जोनने मिनिट्समध्ये लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, “ब्रेकर पडल्यास, वर्षभर बंदी. न पडल्यास, माइक. मंजूर.”

पुढचे तीन आठवडे पास्कल वेगळाच माणूस होता. हॉलच्या केअरटेकरला घेऊन तो दोनदा बेसमेंटमधला पॅनेल पाहून आला. कुठलं सॉकेट कुठल्या लाइनवर, हे त्याने टेबल लॅम्प खुपसून खुपसून शोधलं. किचनमधल्या चार लाइनी. प्रत्येकीला एका वेळी एकच मोठं भांडं झेपणार. आणि मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, तो वाचून मंडळ चक्रावलं: “सर्वांनी घरातले पिकनिक कूलर आणावे. जितके असतील तितके.”

“बाहेर मायनस बावीस आहे,” जोनने लिहिलं. “कूलर?”

“कूलर,” पास्कलने लिहिलं.

सणाच्या रविवारी सकाळी सातला हॉल उघडला तेव्हा बावीस कूलर रांगेत उभे होते. एकाला सिम्को तळ्यातल्या माशांचा वास होता, त्याला गरम पाण्याने तीनदा आंघोळ घातली. पास्कलने जुना निळा डांगरी सूट चढवला होता. पोटाजवळ त्याची झिप अर्ध्यावर अडली होती, पण खांदे ताठ.

“ऐका,” त्याने आंट्यांना गोळा करून सांगितलं. “बारा वाजता वीज सगळ्यांना लागते. सकाळी सातला कोणाला लागते? कोणाला नाय. म्हणून आत्ता गरम करायचं. चार-चार भांडी, पाळीपाळीने. उकळी आली, की कूलरमध्ये, झाकण बंद. कूलर थंड ठेवतो, कारण तो बाहेरचं आत येऊ देत नाय. मग आतलं तरी बाहेर कशाला जाऊ देईल? जेवायच्या वेळी प्लग शून्य. समजलं?”

“म्हणजे हे तुझं डोंगरावरचं तळं,” जॉर्जिना म्हणाली.

“मी काय नाव घेतलं नाय,” पास्कल घाईने म्हणाला. “आणि अजून एक. मी सांगेन ते परत म्हणून दाखवायचं. मी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाय. तिकडे असंच असतं.”

पहिला अर्धा तास कठीण गेला.

“लाइन तीन, प्लग काढ.”

“हो रे बाबा.”

“हो रे बाबा नाय. परत म्हण.”

“अरे काढते ना मेल्या!”

“लाइन तीन, प्लग काढते.”

“लाइन. तीन. प्लग. काढते. झालं समाधान?”

“बरोबर.”

पण आठ वाजेपर्यंत आंट्यांना त्याची चटकच लागली. “पुलावात मीठ टाक.” “पुलावात मीठ टाकते.” “बरोबर.” “तुझ्या सुनेबद्दल सांग.” “सुनेबद्दल सांगते.” “बरोबर!” जॉर्जिना थर्मामीटर घेऊन प्रत्येक कूलरचं टेम्परेचर घेत फिरत होती. साठ डिग्रीच्या खाली एकही पेशंट जाणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं.

वॉशरूममधले हात वाळवायचे ड्रायर लाइन दोनवर निघाले. पास्कलने त्यांवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला आणि खाली खुर्ची टाकून शैलेंद्रला पेपर नॅपकिनचा गठ्ठा दिला.

“काका, मी सिनियर डेव्हलपर आहे हो! मला तुम्ही संडासापाशी नॅपकिन वाटायला बसवून राहिले?”

“तू बसलेला नाहीस. तू सेफ्टी सिस्टिम आहेस.”

“पगार तेवढाच ना?” शैलेंद्र म्हणाला, पण बसला. मिस्सा सुटून लोक येऊ लागले तेव्हा तो प्रत्येकाला नॅपकिन देताना म्हणत होता, “सिस्टिम नॉर्मल. पुढे सरका.”

पाऊण वाजता झाकणं उघडली.

काय वाफ निघाली! एकशे सत्तर माणसं, बावीस कूलर, आणि भिंतीत एकही शेपूट नाही. इंडियल असं गरम, की जीभ भाजलेला एक म्हातारा आनंदाने ओरडला. दुसरी पंगत बसली, तीही गरम. पास्कल जेवला नाही. हात मागे बांधून तो हॉलमध्ये फेऱ्या मारत होता, आणि प्रत्येक फेरीत स्टेजवरच्या माइकला एकदा नजरेने चाटून येत होता. एक वाजला. सव्वा वाजला. त्याने चष्मा कपाळावर ढकलून पाहिला. घसा साफ करून पाहिला.

एक वीसला, ठप्!

हॉलमधले सगळे दिवे गेले.

अंधार काही झाला नाही. खिडक्यांबाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि हॉल नुसता जरा फिकट झाला. लोकांनी एकदा वर पाहिलं आणि परत खाली, ताटात. फक्त पास्कल हॉलच्या मधोमध गोठला होता.

मग स्टेजचा पडदा हलला. पडद्याआडून झारा हातात घेतलेली जोन बाहेर आली. मागून सणाचे मैद्याचे फुगे तळल्याचा वास आला.

“ॲटेन्शन प्लीज,” ती म्हणाली, पण आवाजात विमानतळ नव्हता. “फुगे... गरम नकोत का? फुगे कूलरमध्ये वातड होतात. म्हणून मी छोटासा फ्रायर...”

“कुठे लावलास?” जॉर्जिनाने विचारलं.

“पडद्यामागे एक प्लग होता.”

हॉलमध्ये एकच गोंधळ. जॉर्जिना थर्मामीटर उगारून पुढे झाली. “तुझाच प्लग! तूच पाडलास! पास्कलची बंदी कशी काय?”

“बाय, तूच लावलीस ना बंदी?”

“मी लावली म्हणून तू पाडायचा ब्रेकर?”

“मिनिट्समध्ये काय आहे? ‘ब्रेकर पडल्यास.’ कोणाच्या प्लगने, हे नाय लिहिलेलं. मंजूर तुम्हीच केलंत!”

अर्धे म्हणाले अन्याय, अर्धे म्हणाले नियम म्हणजे नियम. या दुसऱ्या अर्ध्यांच्या डोळ्यांसमोर तो अर्ध्या तासाचा माइक होता. शैलेंद्र नॅपकिनचा गठ्ठा घेऊन धावत आला. “माझ्या साइडने काही नाही झालं! ड्रायर बंद होते! लॉग चेक करा!”

सगळे पास्कलकडे पाहू लागले. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, निम्मा हॉल त्याच्या बाजूने भांडला असता.

पास्कल पडद्यामागे गेला. प्लग पाहिला. गुडघ्यावर बसून तो काढला आणि वायर नीट गुंडाळून जोनच्या हातात दिली.

“हे सॉकेट मी पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. “पाहायला पाहिजे होतं. शिफ्ट माझी होती.” आणि केअरटेकरला घेऊन बेसमेंटमध्ये उतरला.

दोन मिनिटांनी दिवे आले. पास्कल वर आला, ताट वाढून घेतलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. जोनने माइक उचलला, काहीतरी जाहीर करायला तोंड उघडलं, पास्कलकडे पाहिलं आणि माइक खाली ठेवला. त्याऐवजी तिने त्याच्या ताटात स्वतः सहा फुगे आणून घातले. चार कच्चे होते.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं, ज्याची पास्कल चार वर्षं वाट पाहत होता. शैलेंद्रची बायको अबोली पुण्याहून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कप-बशीच्या तडाख्यात ती अजून एकदाही सापडली नव्हती. ती समोर येऊन बसली, हनुवटी हातावर टेकवली आणि म्हणाली, “काका, ही कूलरची आयडिया तुम्हाला कशी सुचली हो? मला सगळं सांगा ना. मला घाई नाहीये.”

मला घाई नाहीये! असं त्याला कोणीही, कधीही म्हटलं नव्हतं.

पास्कलने तोंड उघडलं. मिटलं. “ते... एका ठिकाणी मी होतो.”

“कुठल्या?”

पास्कल पाणी प्यायला. “आहे एक. लहान आहे.”

“गाव?”

“देश,” पास्कल कळवळून म्हणाला.

आजूबाजूच्या टेबलांवर खसखस पिकली. शैलेंद्रला दया आली आणि त्याने मदत करायची ठरवली, हे त्याहून वाईट झालं. “मी सांगतो तुला. काका आधी हॉलंडमध्ये होते. तिथं काय राहते, पवनचक्क्या. वाऱ्याने पाणी वर जाते...”

पास्कलच्या घशातून फ्रायर पेटल्यासारखा आवाज आला.

“...आणि मग ते पाणी विकून राहिले ते लोक बेल्जियमला.”

“बस!” जॉर्जिना म्हणाली.

तिने शैलेंद्रच्या हातातला कप काढून घेतला. अबोलीची बशी ओढली. चष्मा कपाळावर. घसा साफ. एक लांब श्वास.

“अ‍ॅक्च्युअली बघ,” ती नवऱ्याच्या आवाजात म्हणाली. “तिकडे...”

ती थांबली. अगदी तेवढंच. हॉलमध्ये लोक आधीच हसायला लागले होते. खुर्च्या वळल्या. पलीकडच्या टेबलावरचेही उठून आले.

“...लक्झेंबर्गमध्ये!”

नदी झाली, डोंगर झाला, तळं झालं. धाडधाडधाड सगळ्या हॉलने एका सुरात म्हटलं आणि “बॅटरी!”ला एकशे सत्तर हात टेबलांवर पडले. पास्कल मान खाली घालून इंडियल खात होता. कान लाल, पण घास मोठे.

मग जॉर्जिनाने चष्मा खाली घेतला आणि स्वतःच्या आवाजात बोलू लागली.

“आता हा जे सांगत नाही ते सांगते. हा म्हणतो, मी वीजघर चालवायचो. काही चालवत नव्हता. बटण दाबणारे वेगळे, वर काचेच्या खोलीत बसणारे. हा मशीन बंद करून तिच्या पोटात शिरायचा, टॉर्च घेऊन, पोटावर सरपटत, बोल्ट बघायला. तासन्‌तास. डोक्यावर अख्खं तळं. आणि हा बाहेर येऊन ‘मी आलो’ म्हणेपर्यंत त्या बटणाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. साहेबाचीसुद्धा नाही. फोनवर मला म्हणायचा, आज जर्मनी माझ्यासाठी थांबली होती.”

शैलेंद्रने फोन काढला नाही.

पास्कलने वर पाहिलं. घास तोंडातच राहिला होता.

“आणि अशी मशीनं तिथे किती?” जॉर्जिना म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ते इंजेक्शनच्या आधीचं हसू चमकलं. “दहा!”

पास्कल ताडकन उठला. तोंड उघडलं. जोन लगेच ओरडली, “नाव काढायचं नाय हां! वर्ष आत्ताशी सुरू झालंय!”

पास्कलने तोंड मिटलं. दोन्ही हात वर केले आणि दहा बोटं ताणून उभी केली. ती हलवली. कोणाला कळेना.

“दहाच म्हणतेय ना ती,” अबोली म्हणाली.

पास्कलने जोरजोरात मान हलवली, इकडेतिकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या शैलेंद्रचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, इंडियलने माखलेला त्याचा अंगठा सरळ केला, तो हात तसाच उंच ठेवायला लावला आणि शेजारी आपली दहा बोटं पुन्हा ताणली.

“परत म्हण, जॉर्जिना,” तो म्हणाला.

“अकरा,” जॉर्जिना म्हणाली.

“बरोबर.”